आप्पांच्या गोठ्यातला इंटरव्ह्यू

आमच्या शेजारच्या आप्पांची एक शेळी बाभळीवर चढायची. तिचं नाव अँबिशस. दुसरी दावं सोडलं तरी जागची हलायची नाही, कान धरून ओढावी लागायची, ती रिलक्टंट. धारेची वेळ झाली की सगळ्यांच्या आधी ओरडणारी पंक्चुअल. आमच्याकडं शेळ्यांना काळी, कबरी अशी नावं असतात. आप्पांनी इंग्रजी ठेवली, कारण शिरूरच्या कॉलेजातली पोरं त्यांच्याकडं शब्द शिकायला यायची. "पाठ केलेला वर्ड परीक्षेपत्तुर टिकतो," आप्पा सांगायचे, "आन् ज्या वर्डानं लाथ मारली, त्यो जन्मभर."

त्यांच्या घरातली मेंढरं वडलांबरोबर संपली. आप्पा कारेगावला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. इंटरव्ह्यूला येणारी गावाकडची पोरं तिथं रोज दिसायची. मला सांगायचे, "आत जाताना वाघ, भाईर येताना कोकरू! डोक्यात समदं असतं वहिनी, तोंडात वर्ड नसतो." रिटायर झाल्यावर त्यांनी आठवडे बाजारातून एक जुनी डिक्शनरी आणली आणि गोठ्यातच क्लास काढला. फी नाही. येताना शेळ्यांना पाला आणला की झालं.

त्यांचं इंग्रजी कितपत बरोबर होतं, देव जाणे. पण नवा शब्द कुणावर तरी वापरल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे, आणि हाताशी सापडायची मी. एकदा मिरच्या वाळत घालत होते, तर कुंपणापलीकडनं म्हणतात, "वहिनी, आज तुम्ही लई अनॉइड दिसताय."

"म्हंजी काय?"

"वैतागलेल्या."

"दिसत न्हाई, हायेच! तुमच्या अँबिशसनं माझी मेथी खाल्ली!"

इंटरव्ह्यू शनिवारी असायचा. वॉचमनचा जुना कोट चढवून आप्पा पालथ्या घमेल्यावर बसायचे आणि पोरांना एकेक करून आत बोलवायचे. 'माय नेम इज' म्हणून सुरुवात केली की परत बाहेर. "नाव बायोडाट्यात हाय. माणूस कुठंय?" पोरं वैतागायची, हसायची, पण पुढच्या शनिवारी हजर. त्यातली बरीच लागली की नोकरीला!

खरं म्हणजे हा सगळा खटाटोप कोमलसाठी होता. कोमल त्यांची एकुलती एक लेक. तिची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून वेणीसुद्धा आप्पाच घालायचे. वाकडी घालायचे, पण घालायचे. लेकीनं रांजणगावच्या एखाद्या कंपनीत लागावं आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून आमच्या फाट्यावर उतरावं, एवढंच त्यांचं मागणं. "सकाळी डबा द्यायचा, सांजच्याला पोरगी घरात. अजून काय पायजे, वहिनी?"

आणि तरीही तो शेवटचा प्रश्न त्यांनीच शिकवला. लांबच्या गावी पाठवलं तर जाशील का, असं साहेब विचारतोच. "घर सोडून जमायचं न्हाई" म्हणणारी पोरं हात हलवत परत जाताना आप्पांनी गेटवर पाहिली होती. म्हणून प्रत्येकानं छाती काढून ओरडायचं, "येस सर, एनीव्हेअर!" जरा कुणी चाचरलं की आप्पा खवळायचे. आणि लेक म्हणून कोमलला सूट नव्हती. उलट तिच्याकडूनच जास्त घोकून घ्यायचे.

कोमलच्या कॉलेजात भरतीला कंपनी आली. कोमलला शेवटचा प्रश्न विचारला. तिनं शिकवलेलं उत्तर दिलं, डोळ्याची पापणी न हलवता. नोकरी लागली. चेन्नईला.

पेढे घेऊन ती आधी माझ्याकडं आली आणि चुलीपाशी बसून रडली. "काकी, आप्पांनी एकदा नको म्हणावं. मी थांबते."

मी तरातरा गोठ्यात गेले. "आप्पा, नको म्हणा की तिला! मिळंल दुसरी हितंच."

ते पाला तोडत होते. मान वर केली नाही. "गावातल्या समद्या पोरांना मीच म्हनायला लावलं, वहिनी. आता माझी पोरगी निघाली, तर कुठल्या तोंडानं शब्द फिरवू?"

"तोंडाचं काय घेऊन बसलात? पोरगी चाललीय!"

"उत्तर बराबर दिलं तिनं," एवढंच म्हणाले. तिच्यासमोरही तेच म्हणाले. पोरगी वाट बघत राहिली आणि दौंडला जाऊन गाडीत बसली. मला आजही त्या माणसाचा राग येतो.

फोन येतो तिचा. 'जेवलीस का' पलीकडं आप्पांना काही सुचत नाही. ज्या माणसाकडं प्रत्येक गोष्टीला शब्द होता, तो फोन कानाला लावून नुसता "बरं, बरं" करतो.

मधले काही दिवस क्लास बंद होता. परवा इनामगावची एक पोरगी फारच मागं लागली, म्हणून आप्पांनी कोट घातला. मी कुंपणापाशी मेथी खुडत होते. पोरीनं सगळी उत्तरं फाडफाड दिली. शेवटचा प्रश्न आला, तशी ती जोरात म्हणाली, "येस सर, एनीव्हेअर!"

आप्पा 'गुड' म्हणाले नाहीत. कोटाचं बटण चाचपत बसले. पोरगी घाबरली. "चुकलं का, आप्पा?"

"न्हाई, बराबर हाय. घरी इचारलंस का?"

"आमचे वडील जा म्हणतात."

"त्यो जाच म्हननार," आप्पा म्हणाले. "तू परत इचार. आन् त्यो मनातलं बोलंपत्तुर तिथनं उठू नकोस."