दोन डबे आणि एक ठसा

डेनिसने दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ऑरिन पेलेटियरने उद्यानात तळ टाकताच त्या सोलून काढल्या. एका डब्यात पॅनकेकचं पीठ, दुसऱ्यात प्लास्टर. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एवढंही ओळखता येऊ नये म्हणजे काय?

डेनिस त्याची लेक. तिची अट साधी होती. हे दोन दिवस धड पार पडले, तर झोपायची सोय असलेली जुनी कॅम्परगाडी त्याच्याकडेच राहील आणि तो पूर्वीसारखा एकटा हिंडेल. काही गोंधळ झाला, तर गाडी विकायची आणि त्याने मुकाट्याने तिच्या घरी राहायला जायचं. गेल्या वर्षी तो तंबूचे खांब घरी विसरून आला होता, तेव्हापासून हे टुमणं सुरू होतं. ऑरिनचा त्या गाडीत जीव होता. ती गेली की आपल्या आयुष्यात फारसं काही उरणार नाही, असं त्याला मनापासून वाटायचं.

या उद्यानात खडकावर उमटलेल्या डायनोसॉरच्या पावलाच्या ठशाचा साचा कुणालाही काढून नेता येतो. प्लास्टर आणि तेल मात्र आपापलं आणायचं. ऑरिन दर उन्हाळ्यात एक साचा काढायचा. रविवारी सकाळी त्याने निळ्या झाकणाचा डबा, तेलाची बाटली आणि बादली उचलली. हिरव्या झाकणाच्या डब्यात पीठ आहे, त्यात दूध-अंडी घालून ढवळ, बाकीचं तवा बघून घेईल, असं लेकीला सांगून तो ऐटीत खडकाकडे निघाला.

त्याने ठशाला तेल चोळलं, डब्यातलं कालवलं आणि ठशाच्या तिन्ही बोटांत नीट ओतलं. प्लास्टर यंदा जरा पिवळसर वाटत होतं. वास तर चक्क व्हॅनिलाचा. हल्ली कंपन्या कशातही वास घालतात, असं म्हणत तो झाडाखाली टेकला. तास झाला तरी ते घट्ट होईना. त्याने बोट बुडवून पाहिलं. मग ते चाटलं. इतकं चविष्ट प्लास्टर त्याने जन्मात खाल्लं नव्हतं.

तो घाईघाईने उपसू लागला, तोवर मुंग्यांची रांग लागली होती. मग दोन खारी आल्या. मग एका बाईंना फरपटत त्यांचा जाडजूड कुत्रा आला आणि त्याने ठशात तोंड घातलं. लोक फोटो काढू लागले. ऑरिन बादली घेऊन हळूच बाजूला सरकला, जणू ती त्याला वाटेत सापडली होती. तेवढ्यात हिरव्या झाकणाच्या डब्यात काय असणार, हे त्याच्या डोक्यात आलं आणि तो पळत सुटला.

डेनिस टेबलाशी पडेल चेहऱ्याने बसली होती.

"तू काही खाल्लंस का?" त्याने धापा टाकत विचारलं.

"खाण्यासारखं आहे काय?" तिने टॉवेल बाजूला केला. बिडाच्या तव्यात पांढराशुभ्र, टणक पॅनकेक होता आणि त्यात सुरी उभी रोवलेली होती. "सोडवायला गेले, तर सुरीच अडकली. बाबा, रागावू नका. फोन आला म्हणून दहा मिनिटं तिकडे गेले, तेवढ्यात याचा दगड झाला."

फोन गाडीच्या गिऱ्हाइकाचा होता. तिने रडत रडत तेही कबूल केलं. "तुमच्या पाठीमागे सौदा करत होते, आणि मला साधं पीठ सांभाळता आलं नाही. मी कोण तुम्हाला शिकवणार? त्याला नाही म्हणून कळवलंय. गाडी तुमचीच."

ऑरिनने खरं सांगायला तोंड उघडलं. अगदी खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात रेंजर वांडा कोवाल्चिक आली. कुणीतरी ठशात पॅनकेकचं पीठ ओतलंय आणि कुत्रा तिथून हलायला तयार नाही, अशी तिची तक्रार होती.

डेनिसला रडता रडता हसू फुटलं. "प्लास्टर समजून पीठ? अशा माणसाला घरचे एकटं सोडतात तरी कसे?"

"लक्ष ठेवायला हवं," ऑरिन गंभीरपणे म्हणाला.

वांडाने तव्यातल्या सुरीला टिचकी मारली. मग तिने ऑरिनची बादली पाहिली आणि त्याच्या मिशीला लागलेलं पीठही. तीही सत्तरीला टेकली होती आणि तिची मुलं 'आता नोकरी सोड' म्हणून तिच्या मागे लागली होती.

"ठसा घासायला एक जाणता माणूस हवा होता," ती म्हणाली.

"आमच्या बाबांना न्या की," डेनिस अभिमानाने म्हणाली. "त्यांना इथला दगड न् दगड माहीत आहे."

वांडाने ऑरिनच्या हातात ब्रश दिला. "मग चला पुढे. कुठला ठसा, ते तुम्हाला दाखवायला नको."