श्री. टिल्लू यांचे पुरळ

"बाळाचं नाव आधीच ठरवून ठेव वहिनी, बिननावाच्या माणसाला कुठल्याच कचेरीत उभं करत नाहीत," असं माझी नणंद मला पाचव्या महिन्यातच म्हणाली होती. ती स्वतः कचेरीत आहे. मी हसण्यावारी नेलं. बाळ दवाखान्यात जन्मणार होतं, कचेरीत नव्हे, एवढं मला पदवीधर असल्यामुळे कळत होतं.

बाळ दोन महिने आधीच आलं. वजन दीड किलो, मुक्काम नवजात अतिदक्षता विभागातली काचेची पेटी. चौथ्या दिवशी सकाळी त्याला शिरेतून अँटिबायोटिक दिलं आणि अर्ध्या तासात पोटावर लाल पुरळ उठलं. मी सिस्टरना ओढतच आणलं.

"दिसतंय हो ताई. डॉक्टरांनाही दिसलंय. पण नुसतं दिसून औषध थांबत नाही. तळमजल्यावरच्या औषध-प्रतिक्रिया कक्षातून नोंद आणा. सहाला पुढचा डोस आहे, तेव्हा जरा पाय उचला."

कक्षातल्या कारकुनाने फॉर्म काढला. "रुग्णाचं नाव?"

"अजून ठेवलं नाही."

"मग पुरळ कुणाला आलंय?"

घाईत तोंडाला येईल ते सांगितलं. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं : श्री. टिल्लू.

"व्यवसाय?"

"झोपतो."

"पूर्णवेळ?"

"मध्ये रडतो."

"म्हणजे जोडधंदा आहे. दारू, तंबाखू?"

"अहो, चार दिवसांचा आहे तो!"

"'अद्याप नाही' लिहितो. आता रुग्णाचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत."

"ट्यँ."

"एकदाच, की वारंवार?"

वारंवार, मी म्हणाले. सहीच्या रकान्यात पायाचा ठसा चालेल, असं त्याने मोठ्या मनाने सांगितलं. मी तीन जिने चढून ठसा घेऊन आले. तो डाव्या पायाचा निघाला. पुन्हा गेले.

पाच वाजता फॉर्म औषधतज्ज्ञांपुढे गेला. त्यांनी जाडजूड पुस्तक उघडलं. "नवजात बालकांमध्ये या औषधाची प्रतिक्रिया? एकही नाही."

"का नाही?"

"कारण आजवर एकही नोंद झालेली नाही."

"का झाली नाही?"

"बाई, जे पुस्तकात नाही त्याची नोंद कशी करणार?" त्यांना माझी कीव आली असावी. "तरीही पुरळ आहे, म्हणजे कारण हवंच. औषध तर निर्दोष ठरलं. बाळाच्या संपर्कात दुसरं काय येतं?"

"मी," मी म्हणाले. खोटं बोलायची सवय नाही.

त्यांनी पुस्तकात पाहिलं. आयांबद्दल तिथे तीन पानं होती.

साडेपाचला शिक्क्यासकट निर्णय मिळाला : 'श्री. टिल्लू यांना आईची प्रतिक्रिया आलेली आहे. आई तत्काळ थांबवावी. औषध नियमित सुरू ठेवावे.' सिस्टरनी कागद दोनदा वाचला. "ताई, मला वाईट वाटतं हो," म्हणाल्या आणि मला दाराबाहेर केलं.

आता सहाला दहा कमी आहेत. दाराच्या काचेतून फक्त सिस्टरची पाठ दिसते; त्या सुई भरताहेत. मला आत सोडत नाहीत. तुमच्याबद्दल मात्र पुस्तकात काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे नियमाने तुम्ही निर्धोक. तेव्हा हसून झालं असेल तर उठा आणि आत जा. खिडकीपासून तिसरी पेटी. त्याचं पोट बघा. पुरळ छातीपर्यंत चढलंय का, तेवढं मला येऊन सांगा.