हवालदारांची चित्रांची पोथी

लग्नाला जाताना लोक आहेर नेतात. तातोबा हवालदार वाळूच्या दोन बादल्या नेत. लाल रंगवलेल्या, काठोकाठ भरलेल्या आणि कुणी वर पानाची पिचकारी मारू नये म्हणून फडकं बांधलेल्या. मांडवात शिरले की ते नवरानवरीकडे ढुंकूनही बघत नसत. सरळ आचाऱ्याच्या चुलाणाकडे जात, बादल्या खाली ठेवत आणि शेजारीच बसकण मारत. अक्षताही तिथूनच टाकत. त्या जिलबीच्या पाकात पडल्याची तक्रार मी दोनदा तरी ऐकली आहे.

मी मूळचा वाईचा. आष्ट्याजवळच्या या गावात ड्रॉइंग मास्तर म्हणून आलो आणि हवालदारांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. पहिल्याच सकाळी स्टोव्हला पंप मारायला बसलो, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "मास्तर, काय जळतंय?"

"काही नाही, स्टोव्ह पेटवतोय."

"स्टो न्हाई इचारला. त्येच्यात काय जळतंय?"

"रॉकेल."

"मग पाण्याची घागर लांब ठिवा. भडकलं तर पोतं टाका, वाळू टाका. पाणी न्हाई!"

मी मुकाट्यानं घागर लांब ठेवली. पण तेवढ्यावर भागलं नाही. हा प्रश्न रोज सकाळ-संध्याकाळ भिंत ओलांडून येऊ लागला. शेवटी माझी बायको देवापुढं निरांजन लावताना आपणहूनच मोठ्यानं सांगू लागली, "तूप जळतंय हो, तूप!" पलीकडून उत्तर यायचं, "बरं हाय, वयनी."

लढाईच्या काळात हवालदार पलटणीबरोबर बसऱ्याला होते. तिथं तेलाच्या टाक्यांवर त्यांचा पहारा असे. जवळच गावाचं आगीच्या बंबाचं ठाणं होतं. एक जुनाट बंब आणि सात-आठ माणसं, सगळी तिथलीच गरीब. "आवं मास्तर, म्होरं तेलाचा समिंदर, आन् त्यास्नी शिकवायला काय, तर एक इंग्रजी बुक! वाचणारा एकबी न्हाई. बुक लय जाड हुतं. त्येच्यावर ते च्याचे गिलास ठिवायचे." हे सांगताना हवालदार पोट धरून हसत, आणि मध्येच हसायचं थांबत.

तर या माणसांसाठी हवालदारांना एक पोथी करून पाठवायची होती. तेलाची आग कशी विझवायची हे सांगणारी, पण एकही अक्षर नसलेली. नुसती चित्रं. चित्रं काढणार कोण, हे त्यांनी मी बिऱ्हाडाची बैलगाडी सोडली त्याच दिवशी ठरवलं असावं. विट्याकडचा त्यांचा एक जुना जोडीदार पाडवा झाला की नोकरीसाठी परत बसऱ्याला निघणार होता. पोथी त्याच्या ट्रंकेतून जायला हवी होती. पुन्हा तिकडं जाणारं माणूस कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून माघापासून त्यांनी माझा पिच्छा पुरवला.

मी चांगली चित्रं काढतो असा माझा समज होता. तो हवालदारांनी आठवड्यात उतरवला. त्यांची रीत अशी, की प्रत्येक चित्र आमच्या गावच्या बंबवाल्यांना दाखवायचं. बंबवाले म्हणजे एक हातपंप, चौदा बादल्या आणि चार गडी. चित्र बघून, कुणी एक शब्द न सांगता, त्यांनी बरोबर तेच केलं तर चित्र पास. नाही तर मास्तरांनी नवं काढायचं. "आधी थांबा" म्हणून मी हात वर केलेला माणूस काढला. गडी म्हणाले, ह्यो मोटार थांबवतोय. "पाणी नको" म्हणून मी पाण्याच्या बादलीवर लाल फुली मारली. गडी म्हणाले, पाणी दवाखान्यात न्यायचंय. एकेक चित्र मी पाच-पाच वेळा काढलं. वर्गातल्या पोरांना मी इतकं कधी छळलं नव्हतं.

सरावाला आग आणायची कुठून? रॉकेल रेशनवर. मग हवालदारांनी गणपा नावाच्या गड्यालाच आग केलं. गणपा भगवी शाल पांघरून मैदानात बसायचा. बाकीच्या तिघांनी पळत यायचं, थांबायचं आणि विचारायचं, "काय जळतंय?" गणपा सांगेल ते. गवत म्हणाला तर पाणी मारायचं. तेल म्हणाला तर पोतं नाही तर वाळू. तेल म्हणाला असताना कुणी पाणी मारलं, की गणपा शाल पसरून उठायचा, पळत सुटायचा आणि ज्याला शिवेल तो मेला. गणपाला हे काम इतकं आवडलं की एकदा तो तिघांना मारून थेट बाजारात शिरला आणि भाजीवाल्या बायकांनाही शिवून आला. हवालदारांनी त्याला रागावण्याऐवजी पाठीवर थाप मारली. "तेल आसंच पळतंय गड्या!"

गाव हसायचं. मीही हसायचो, तोंडावर हसायचो. आणखी एक गंमत होती. पोथीतल्या प्रत्येक चित्रात एक ठरलेला माणूस हवालदारांना हवा असे. ठेंगणा, पोट सुटलेला, भरघोस मिशांचा, डाव्या गालावर तीळ. बाकीचे कसेही चालतील, पण ह्याचा तीळ चुकला की कागद परत. आणि तो आगीपासून नेहमी चार पावलं मागं हवा. "हा कोण, तुमच्या पोथीचा नायक?" मी चेष्टेनं विचारायचो. "आसू द्या की," म्हणून ते विषय बदलायचे.

मग फाल्गुनातल्या एका लग्नात जिलबीची कढई पेटली. ज्वाळा मांडवाच्या कापडाला लागायच्या बेतात. "पाणी! पाणी!" सगळा मांडव ओरडला आणि नवरीचा मामा घागर घेऊन धावला. हवालदार हात पसरून आडवे उभे राहिले. मामा अंगानं दुप्पट, त्यानं त्यांना ढकललं, तरी ते घागरीला लटकून राहिले. तेवढ्यात पंगतीत बसलेला गणपा हातातली पुरी टाकून पुढं आला. कढईपुढं थांबला आणि सवयीनं तिलाच विचारता झाला, "काय जळतंय?" उत्तर त्याचं त्यालाच ठाऊक होतं. आचाऱ्याची मोठी परात उचलून त्यानं ती ढालीसारखी पुढं धरून कढईवर सरकवली. चुलाणातला जाळ वाळूनं मारला. ज्वाळा बसली. कुणाच्या अंगावर फोडसुद्धा आला नाही.

त्या दिवशी हवालदारांना पहिल्या पंगतीत पाटावर बसवलं. माझंही हसणं संपलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी बत्तिसावं चित्र पुरं केलं आणि पोथी शिवायला घेतली, तर ते म्हणाले, "मास्तर, आजून एक काढा."

"आता काय राहिलं? आग विझली की."

"इझल्यावर त्यो तीळवाला घरी गेला. जेवतुया. बायको वाढतीया, आन् दोन पोरी बाजूला बसल्यात. तसं काढा."

"अहो, ह्यात शिकण्यासारखं काय आहे?"

हवालदारांनी माझ्या हातातला सुई-दोरा काढून घेतला.

"जब्बार त्येचं नाव," ते म्हणाले. "ठाण्यावरचा. रोज दुपारी माझ्याजवळ यायचा. त्येची भाषा मला येत न्हवती, माझी त्येला. उन्हाचं त्यो आला की मी गिलास म्होरं करायचो आन् म्हनायचो, पाणी. त्योबी म्हनायचा, पाणी. आपल्या भाषेतला त्यवढाच शब्द त्येला यायचा. म्या शिकवल्याला. एक दिवस टाकीखाली सांडल्यालं तेल पेटलं. आपल्याकडं खळ्यावर गंज पेटली की आपण काय वरडतो, मास्तर? तेच म्या वरडलो. आन् मी वरडलेलं त्येला कळलं. बादली घिऊन त्यो माझ्याम्होरं पळाला."

"मग?"

"घरी गेलाच न्हाई त्यो."

इतके दिवस त्या तिळाची मी थट्टा केली होती, याची मला लाज वाटली.

मी चित्र काढलं. जब्बार मांडी घालून बसलेला, बायको त्यांची ती चपटी रोटी वाढते आहे, दोन पोरी हसताहेत. हवालदारांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "मिशी जरा खाली करा," ते म्हणाले. "जेवताना पिळायचा न्हाई त्यो." मी मिशी खाली केली. मग त्यांनी स्वतःच्या हातानं पोथी शिवली, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मोटारीच्या अड्ड्यावर जाऊन ती जोडीदाराच्या ट्रंकेत घालून आले.

त्या संध्याकाळी मी स्टोव्ह पेटवला. भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही. मी वाट पाहिली. बायकोनंही पदराला हात पुसत भिंतीकडे पाहिलं. शेवटी मला राहवेना.

"हवालदार," मी ओरडलो, "रॉकेल जळतंय!"

पलीकडून आवाज आला, "घागर लांब हाय न्हवं?"

"लांब आहे."

"ऱ्हाऊ द्या तशीच."