देवीदासभाऊंचं अर्थिंग

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर माणसं ओळखीचा चेहरा शोधतात, नाहीतर जेवणाची तयारी कुठवर आली ते बघतात. आमचे देवीदासभाऊ मांडवाच्या मागे जातात. खिशातून टेस्टर काढतात, जनरेटरपाशी उकिडवे बसतात आणि डेकोरेशनवाल्याला विचारतात, "अर्थिंग कुठं हाये?" फुटलेली वीज जमिनीत उतरवणारी ती तार त्याने दाखवली तर अक्षता घेऊन पुढे येतात. नाही दाखवली तर सरळ मेन स्विच बंद करतात, मग भले नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना उभे असोत. मागे एका लग्नात शेवटची दोन मंगलाष्टकं अशीच माईकशिवाय झाली. पुढच्यांनी वेळेवर अक्षता टाकल्या, मागच्यांनी अंदाजाने टाकल्या आणि मधल्यांनी दोनदा टाकल्या.

देवीदासभाऊ मंगरूळपीरला माझ्या शेजारी राहतात. परवानाधारक वीज ठेकेदार आहेत. समोरच्या खोलीत देवांच्या तसबिरींच्या ओळीत त्यांचा परवाना काचेत लावलेला आहे, आणि सकाळची उदबत्ती सगळ्यांना ओवाळताना त्यालाही ओवाळली जाते. नवं घर बांधलं की वीज जोडणीसाठी टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर अशा ठेकेदाराचा शिक्का लागतो. काही जण हा शिक्का चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या मारून देतात. देवीदासभाऊ घरातलं एकेक बटण दाबून बघतात. एकदा माडीवरच्या एका प्लगसाठी त्यांनी रंग दिलेली भिंत पुन्हा फोडायला लावली आणि वास्तुशांतीचे पाहुणे धुळीत जेवले. घरमालक रडकुंडीला आला, तर म्हणाले, "शिक्का म्हंजे का बाशिंग हाये का, डोकं दिसलं की बांधलं?"

मी इथल्या शाळेत बदलून आलो, सामान अजून टेम्पोत होतं, तेव्हा हे गृहस्थ फाटकाशी येऊन म्हणाले, "सर, तुमचं डी.एड.चं सर्टिफिकेट पाहू." मी हसलो. ते हसले नाहीत. "दुसऱ्याची लेकरं हाती घेता ना?" मी मुकाट्याने ट्रंक उघडली. त्यांनी कागद उजेडात धरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "आता या, च्या घेऊ."

गावात यातून कोणी सुटलेलं नाही. नवा दवाखाना उघडला की हे नारळ घेऊन जातात आणि नारळ हातात ठेवूनच डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक वहीत उतरवून घेतात. एका डॉक्टरांना वाटलं, वरून तपासणी आली. त्यांनी स्वतःच्या हाताने खुर्ची पुसून दिली. औषधाच्या दुकानात गेले की आधी विचारतात, "तुमच्यातला फार्मासिस्ट कोन?" आणि तो पुढे येईपर्यंत चिठ्ठी मुठीतून सोडत नाहीत. जिलेबीवाला हकीमभाई त्यांना वळणावर पाहिलं की कढईपासून दोन पावलं मागे सरकून डोक्यावर टोपी चढवतो. ते गेले की काढतो. कोणी म्हणालंच की भाऊ, कायले एवढं, तर उत्तर ठरलेलं, "जीव हाये, बाजारातलं वांगं नाई."

लोकांना वाटतं, यांच्या घरात कोणाला तरी शॉक लागला असणार. तसं काही नाही. बायको आजारपणात गेली, एकुलती मुलगी वैशाली तेव्हा सहावीत होती. मग त्यांनी एकट्याने वैशालीला वाढवलं, तिच्या वेण्या घालायला शिकले. पहिल्या पहिल्या वेण्या केबलसारख्या पिळदार यायच्या, असं वैशालीच सांगते.

वैशाली लग्नाची झाली आणि आमची करमणूक वाढली. मुलाची बाजू मुलगी बघायला येते, त्याआधी हे मुलाकडची वायरिंग बघायला जात. आसेगावच्या स्थळाच्या घरी पत्र्याच्या कूलरला टेस्टर लावला, तर त्यातला दिवा पेटला. पोहे येण्याआधी देवीदासभाऊ चपला घालून दारात उभे होते. दुसऱ्या एका घरी पाण्याच्या मोटारीची वायर आणि कपडे वाळत घालायची तार एकच निघाली. ते स्थळ तर त्यांनी अंगणातूनच नाकारलं.

मग किन्हीराजाचं स्थळ आलं. मुलगा खता-बियाण्यांचं दुकान चालवणारा. देवीदासभाऊंनी मुलाचा फोटो बघितलाच नाही, दुकानातल्या परवान्याचा फोटो मागवला. तो आला, मुदत चालू होती, चेहरा खुलला. वैशालीचाही खुलला होता, कारण तिने मात्र मुलाचा फोटो बघितला होता, आणि महिनाभर फोनवर बोलणंही चाललं होतं.

आम्ही दोघे किन्हीराजाला गेलो. चहा झाला, सुपारी झाली. तेवढ्यात हे उठून परसात गेले आणि मोटार, कूलर, न्हाणीघर सगळं पालथं घालून आले. "घर चांगलं हाये. अर्थिंग नाई. ते करा, मंग साखरपुडा."

मुलाचे वडील पुंडलिकराव मानी माणूस. त्यांचा चेहरा उतरला. "तीस वर्स झाले या घराले. कोनाले काई झालं नाई. तुमी पोरगी द्याले आले का खोट काढाले?"

"काई झालं नाई म्हून तं बोलाले जागा हाये," देवीदासभाऊ म्हणाले.

बोलणी तिथेच थांबली. शेलूबाजारला गाडी बदलून आम्ही परतलो. घरी वैशालीने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "बाबा, तुमी माह्यासाठी घर पाहून राह्यले का सबस्टेशन?" त्यानंतर दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवीदासभाऊ माझ्या फाटकाशी आले. खांद्यावर लोखंडी पाइप, पोत्यात गुंडाळलेली कुदळ, दुसऱ्या पोत्यात मीठ आणि कोळसा. "चला सर, किन्हीराजाले."

आमच्याकडे मुलीच्या बापाने मुलाच्या घरी मान खाली घालून बसायचं असतं, उष्टं ताटही त्याला कोणी उचलू देत नाही. आणि इथे हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुंडलिकरावांच्या परसात कमरेइतक्या खड्ड्यात उभे. पुंडलिकराव धावत बाहेर आले. "अहो, काय करून राह्यले हे? लोक काय म्हनतीन? निंगा वर."

देवीदासभाऊंची कुदळ थांबली नाही. "तुमचं घर वाईट हाये असं नाई म्हटलं म्या. पोरीले माय नाई, भाऊ. मी तिकडं मंगरूळले. इथं तिचा हात वला असला, ध्यान नसलं, तं कोन पाहीन तिच्याकडं? म्हून म्हटलं, जमिनीले सांगून ठेवाव."

एवढं बोलून ते पुन्हा खणू लागले. मला त्या माणसाची इतकी माया आली की मी उगाच मिठाचं पोतं सोडायला बसलो. पुंडलिकरावांनी धोतराचा सोगा खोचून कोळशाचं टोपलं भरलं आणि खड्ड्याशी आणलं.

"हळू टाका," देवीदासभाऊ आतून म्हणाले. "एक थर कोळसा, एक थर मीठ. अन् घाई नाई."

लग्न थाटात झालं. डेकोरेशनवाला तीनदा बदलला, पण मंगलाष्टकं शेवटपर्यंत ऐकू आली.

आता देवीदासभाऊ दर रविवारी किन्हीराजाला जातात. अर्थिंगचा खड्डा ओला ठेवावा लागतो, त्यात पाणी टाकायला. उन्हाळ्यात ठीक होतं. भर श्रावणातही छत्री घेऊन निघाले, तेव्हा मी अडवलं. म्हणाले, "पावसाचं पानी वरच्यावर जाते सर, पाइपापाशी पोचत नाई."

परवा बाजारात पुंडलिकराव भेटले. मी सहज विचारलं, घरात एवढी माणसं, त्या खड्ड्यात एक बादली पाणी कोणी टाकत नाही का?

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला. "रोज टाकतो ना सर. शनवारी अन् रविवारी सकाळी तेवढं टाकत नाई. सूनबाईनं सांगून ठेवलं हाये, बाबा येतीन तवा खड्डा कोरडाच दिसला पायजे."