लाल असेल तरच गंज

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळया बनवणारा एक कारखाना आहे. तिथे गंजाचा रंग नियमाने लाल ठरला आहे. तपासणीच्या फॉर्मात तसा रकानाच आहे: 'गंज (लाल): आहे / नाही'. भट्टीवर काम करणाऱ्या सोमेश्वरची तक्रार मात्र धुराच्या पाईपला सुटणाऱ्या काळ्या खपल्यांची होती आणि काळ्याला रकाना नव्हता.

भट्टीत गंधकाने भरलेलं स्वस्तातलं तेल जळे. त्याचा तापलेला धूर नेणारा पाईप सोमेश्वर आणि त्याचा जोडीदार राजानंद यांच्या बरोबर डोक्यावर होता. पाईप निकेलने ठासलेला, भारीतला. खरेदी विभागाने किंमत बघूनच पसंत केलेला. गंधकाच्या धगीत निकेलवाल्याचा निभाव लागत नाही, क्रोमियमवाला तग धरतो, हे सोमेश्वरला कुणी शिकवलं नव्हतं. आधीचा क्रोमियमचा पाईप पाच वर्षं चालला आणि या पाईपची सात महिन्यांत चाळणी व्हायला आली, एवढ्यावरून त्याला कळलं. पाईप फुटला तर खाली उभे असलेले दोघे भाजून निघणार होते.

त्याने अर्ज केला. तपासनीस बद्रीनाथराव आले. त्यांनी एक खपली रुमालावर घासली, रुमाल काळा झाला.

"हा गंज न्हाई," ते म्हणाले. "गंज लाल असतो. ही काजळी हाय."

"साहेब, पाईप पातळ होऊन राह्यला. भट्टी बंद असताना बोटानं दाबला तरी दबतो."

"मंग दाबू नका."

दुसऱ्या अर्जावर समिती बसली. काळा थर लाल होईपर्यंत त्याला निरीक्षणाखाली ठेवावं, असा तिने चहा घेऊन ठराव केला. निरीक्षणाचं काम, ते जवळच उभे असतात म्हणून, सोमेश्वर आणि राजानंद यांच्यावरच सोपवलं.

सोमेश्वरचं डोकं फिरलं. नियमाला लाल हवंय तर लाल देऊ, म्हणून सुटीच्या दिवशी भट्टी निवल्यावर त्याने मस्तगडच्या दुकानातून रेड ऑक्साईडचा लाल रंग आणला आणि पाईप या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवून काढला. रंग हुबेहूब गंजाचा उतरला. रिकामा डबा मात्र तो खालीच विसरला.

सोमवारी भट्टी पेटायच्या आधी बद्रीनाथरावांनी डब्यावरचं 'गंजरोधक' वाचलं आणि फॉर्मात नोंद केली: 'गंज नाही. गंजरोधक लेप दिलेला आहे. पाईपची मुदत पाच वर्षं वाढवावी.' स्वयंस्फूर्तीने सुरक्षा राखल्याबद्दल सोमेश्वरला सहायक तपासनीस केलं. टेबल मिळालं, पंखा मिळाला. त्याची बायको सत्यशीला हिने गल्लीत पेढे वाटले.

पहिला अहवाल पाईपचाच लिहायचा, हे सोमेश्वरने अगदी मनापासून ठरवलं होतं. पण पाईपची वाढलेली मुदत त्याच्याच नावावर चढली होती. पाईप वाईट म्हणावा तर बढतीच खोटी ठरणार. लिहू सावकाश, असं तो रोज म्हणायचा.

महिन्याभराने राजानंद टेबलापुढे येऊन उभा राहिला. सदऱ्याला खांद्यावर भोक पडलं होतं आणि आत तळहाताएवढा फोड.

"खपली पडली अंगावर," तो म्हणाला. "पाईप आज-उद्या जातो बघ. तुला तर समदं म्हाईत हाय."

सोमेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि खाली मान घालून विचारलं,

"लाल हाय का काळी?"

राजानंद परत पाईपखाली जाऊन उभा राहिला.

तुम्हाला सोमेश्वरचा राग आला असेल तर रीतसर तक्रार करा. फिरत फिरत ती तुमच्याच टेबलावर येईल.