चौकशीच्या खिडकीतले दत्ताभाऊ

आमच्या शेजारचे दत्ताभाऊ मांजरालासुद्धा विचारल्याशिवाय दूध घालत नाहीत. बशी हातात धरून "हवंय काय गो तुला?" म्हणतात आणि ती म्याँव करेपर्यंत थांबतात.

भाऊ रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. निवृत्त झाले, खिडकी सुटली, पण चौकशी काही सुटली नाही. "आमच्या ह्यांना कारलं आवडत नाही," असं मी सहज म्हटलं, तर लगेच, "विचारलंत काय त्यांना?" विचारलं हो, चिडून विचारलं. आवडतं म्हणाले! इतकी वर्षं कारलं घरात आणलं नव्हतं मी.

वाडीच्या मुंबईकर मंडळाने मुलांसाठी अभ्यासिका बांधली. पंखे, ट्यूबलाइट, देणगीदारांच्या नावांची फरशी, सगळं झकास. किल्ली भाऊंकडे. पण मुलं काही फिरकेनात. मे महिन्यात मुंबईकर आले ते तापूनच.

"ह्यांना मोबाइल पुरे," अध्यक्ष म्हणाले. "कुलूप घाला आणि मंडपाचं सामान ठेवा तिथे."

भाऊ उठले. "मुलांना विचारलंत काय?"

"त्यांना काय कळतंय?"

"अभ्यास त्यांनी करायचा, मग कळणार कोणाला? आणि आपण विचारून उपयोग नाही, आपल्याला ती खरं सांगायची नाहीत. मुलांनीच मुलांना विचारू दे."

जेवणाची वेळ टळत होती, म्हणून सगळे हो म्हणाले. मग भाऊंनी पोरांना शिकवलं: हसायचं नाही, उत्तर आपण पुरवायचं नाही, आणि जे मिळेल तेच सांगायचं, समोर कोणी का असेना. पोरं वाडीभर सुटली. आमच्या पिंट्याने तर न्हाणीघराच्या दाराबाहेर उभं राहून आतल्या मुलाची मुलाखत घेतली.

निकाल ऐकायला सगळे देवळात जमले. नववीतली सायली उभी राहिली, भाऊंकडे बघून तिने वहीत तोंड खुपसलं.

"बोल गो. मिळालंय तसंच."

"मुलं येत नाहीत, कारण..." तिने वही मिटली. "कारण तिथे भाऊ बसतात. पुस्तक उघडलं की विचारतात, काय वाचतोस? कशाला? कळलं काय?"

देवळात हशा पिकला. मीही पोट धरून हसले. भाऊ तेवढे हसले नाहीत.

"सगळ्यांना विचारलंत?"

"हो."

"मग बरोबरच असणार." त्यांनी खिशातली किल्ली तिच्या हातावर ठेवली, अध्यक्षांना म्हणाले, "आता कुलूप नको," आणि घरी गेले.

दुसऱ्या संध्याकाळी अभ्यासिका भरली. भाऊ पडवीत बसलेले, पुढ्यात मांजर. वहिनी गेल्यापासून त्या घरात बोलायला दुसरं कोणी नाही, हे शेजारी राहूनही मला तेव्हाच टोचलं. आदल्या दिवशीच्या हसण्याची लाज वाटली.

तेवढ्यात सायली आली. "भाऊ, एक जण विचारायचा राहिला."

"कोण गो?"

"तुम्ही. तुम्ही तिथे रोज का येत होतात?"

सावर्ड्याची गाडी गेली काय, हेदवीची लागली काय, हे भाऊंना उभा जन्म लोकांनी विचारलं. उत्तर कायम तोंडावर असायचं. आता त्यांनी मांजराला उचलून मांडीवर घेतलं.

"बस गो," शेवटी म्हणाले. "जरा वेळ लागेल."

सायली पायरीवर बसली आणि गप्प राहिली. उत्तर आपण पुरवायचं नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.