मामा चौकशीला आले

सकाळचा चहा बहिणीने आधी घोटभर घेतल्याशिवाय हरिहर परुळेकर कपाला हात लावत नसे. सरोजही कधी कारण विचारत नसे. ती उभ्या उभ्या त्याच्या कपातला एक घोट घ्यायची, क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "मेले नाही. घे आता."

हरिहरला हा बहिणीचा विनोद वाटे. खरं कारण सांगायची त्याला मुभा नव्हती.

हरिहर तीसेक वर्षं अशा खात्यात होता ज्याच्या कचेरीवर पाटी नव्हती. घरी सांगायला 'हळदीची निर्यात' होती. परदेशातून तो वर्षा-दोन वर्षांनी यायचा, निर्यात बरी चालली आहे म्हणायचा आणि जायचा. मग एके दिवशी त्याचा जोडीदार रघु फुटला. ज्या रघुला त्याने सरोजच्या हातचं कैरीचं लोणचं अर्धं काढून दिलं होतं, त्याच रघुने त्याचं नाव पलीकडच्यांना विकलं. रघुला म्हणे तिकडे हिरवळीचं घर मिळालं. हरिहरला कोठडी मिळाली. तिथे त्याने तोंड उघडलं नाही. खूप दिवसांनी गुपचूप अदलाबदल झाली, तो परत आला आणि खात्याने एका बंद खोलीत त्याला शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या वाजवायला मनाई होती.

तेव्हापासून तो डोंबिवलीतल्या कोपरला, सरोजच्या दोन खोल्यांत राहत होता. शेअर रिक्षातून तो ठरल्या जागेच्या आधीच उतरे आणि उलटसुलट गल्ल्यांतून घरी येई. हॉटेलात दाराकडे तोंड करून बसे. एकाच भाजीवाल्याकडून सलग दोनदा भाजी घेत नसे. नजरेत न भरण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे, अशी त्याची समजूत होती. भाजीवाले त्याला 'गुपचूपवाले काका' म्हणत, हे त्याच्या कानावर आलं नव्हतं.

घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची त्याने रीतसर छाननी केली होती. जुन्या कोपर गावातली रंभाबाई रोज दुपारी सरोजकडे टेकायला यायची. पदराखाली कधी सुकटीची चटणी, कधी सोललेले वाल. तिच्याबद्दलचा निष्कर्ष पहिल्याच आठवड्यात तयार झाला होता: निरुपद्रवी. बोलते फार, ऐकत काही नाही.

आता प्रश्न होता समृद्धीच्या लग्नाचा. समृद्धी म्हणजे सरोजची मुलगी. ठाण्याच्या बँकेत नोकरीला होती आणि तिथेच तिला साकेत भोईर भेटला होता. भोईर मूळचे घोडबंदरचे. आजोबांची भातशेती आणि मिठागर होतं. आता त्या जागेवर टॉवर उभे होते आणि त्यांतल्या एकाचा अख्खा सातवा मजला भोईरांचा होता. समृद्धी कितीतरी महिने आईला पटवत होती.

"माणसं चांगली दिसतात," सरोज म्हणाली, "पण तोंडावर कोण वाईट दिसतं? चौकशी केल्याशिवाय आपल्यात मुलगी देत नाहीत. दादा, तू जा. गुपचूप विचारून ये."

"आई, चौकशी काय? मी ओळखते ना त्याला!"

"तू ओळखतेस म्हणूनच चौकशी हवी."

समृद्धीने मामाला गॅलरीत गाठलं. "मामा, गुपचूप जा आणि गुपचूप ये. तिकडच्यांना कळलं तर माझं लग्न गेलं बघ. साकेतची आजी लय कडक आहे, ती अजून हो पण बोलली नाहीये." मग तिने आवाज खाली आणला. "तू बारशाला नव्हतास. माझ्या दहावीच्या पेढ्यांना नव्हतास. ह्या वेळी अंतरपाटाच्या वेळी माझ्या मागे उभं राहायचंस. मामा भाड्याने नाही मिळत."

 रघु फुटल्यापासून पहिल्यांदाच हरिहरला एखादी कामगिरी हवीशी वाटली.

तयारी त्याने जुन्या शिस्तीत केली. करडा शर्ट, करडी पँट, हातात छत्री, पिशवीत पाण्याच्या फिल्टरची माहितीपत्रकं. पहिला टप्पा पाठलागाचा. साकेतची गाडी ऑफिसमधून निघाली तसा हरिहर चालत मागे निघाला. घोडबंदर रोडवर पाठलाग करणं सोपं आहे, कारण तिथे कुणी पुढेच जात नाही. अडचण एवढीच, की पाठलाग करता करता तो दोनदा साकेतच्या पुढे निघून गेला आणि त्याला उसाचा रस पीत वाट बघावी लागली.

दुसरा टप्पा टॉवरच्या फाटकाचा. तिथे पोपट नावाचा वॉचमन बसला होता.

"कुठे?"

"पाण्याचे फिल्टर. प्रत्येक मजल्यावर दाखवायचे आहेत."

"फ्लॅट नंबर बोला. त्यांच्या मोबाईलवर मेसेज जाईल, त्यांनी हो केलं की ओटीपी येईल."

"मी गॅस कंपनीतून—"

"आता तर फिल्टर बोललात. गॅसला पण ओटीपी लागतो, काका. फोटो काढू द्या, वर बघा जरा."

हरिहरने झटकन छत्री उघडली. खोट्या पासपोर्टवर त्याने ज्या सरहद्दी ओलांडल्या, तिथले अधिकारी आता त्याला फारच भोळे वाटू लागले. परत जायचं, तर सरोजला काय सांगायचं? शेवटी त्याने नोकरीत कधी न केलेली गोष्ट केली. इकडे तिकडे पाहून तो खाली वाकला आणि खरं बोलला.

"हे बघा, मी मामा. साकेत भोईरची चौकशी करायची आहे. बोभाटा नको."

पोपट ताडकन उभा राहिला. त्याने टोपी सरळ केली. "आधी सांगायचं ना, मामा! बसा, बसा. चहा मागवू?"

खऱ्याची एवढी किंमत असते हे हरिहरला ठाऊकच नव्हतं. पोपटने स्वतःची खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडे वळवला आणि विचारेल ते सांगितलं. पोरगा सरळ. दारू? छे. पोरी? एकच, बँकेतली, गोरी, चश्मेवाली. घरचे? देवमाणसं, गणपतीत अख्ख्या स्टाफला जेवायला बोलावतात.

"पण मामा, केलं काय त्याने?"

"अजून काही नाही," हरिहर म्हणाला. "पण पुढच्या महिन्यात बेडीत अडकायचा विचार आहे." लग्नाबद्दल असं म्हणायची पद्धत असते, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं.

पोपटचा चेहरा पांढराफटक पडला.

हरिहर खूश होऊन परतला. खोपटला बस बदलून, दोन रिक्षा करून आणि चार गल्ल्या उलट्या फिरून तो घरी पोचला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. पोपटने टॉवरमधल्या एका मॅडमना सांगितलं आणि ते टॉवरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलं: 'साध्या वेशातले मामा साकेत भोईरच्या चौकशीला येऊन गेले. पुढच्या महिन्यात बेड्या.' टॉवरमधून ते ठाण्यात गेलं, ठाण्यातून कळव्याला, आणि कळव्याच्या मावसबहिणीकडून सरोजकडे. वाटेत साध्या वेशातल्या एका मामाची तुकडी झाली होती आणि भोईरांच्या दोन गाड्या जप्त झाल्या होत्या.

"बघितलंस?" सरोजने त्याच्या नाकापुढे मोबाईल धरला. "तू तिथेच होतास ना? पोलीस येऊन गेले आणि तुला पत्ता नाही! कसली चौकशी करतोस तू? समृद्धे, विषय संपला. ज्या घरी पोलीस, त्या घरी मुलगी देणार नाही मी."

समृद्धी फोनवर रडत होती. पलीकडे साकेतही जवळजवळ रडतच होता. त्याचे वडील वकिलाकडे गेले होते, काकूने दागिने माहेरी हलवले होते आणि एक चुलतभाऊ, ज्याचा कशाशीच संबंध नव्हता, खबरदारी म्हणून अलिबागला निघून गेला होता.

"पण कोण आलेला रे?" समृद्धी नाक पुसत म्हणाली. "दिसायला कसा होता? ... उंच... बारीक... करडा शर्ट... आणि काय? ... फाटकाशी छत्री उघडून बसलेला?"

तिने फोन खाली घेतला. दाराशी करड्या शर्टातला मामा ओली नसलेली छत्री झटकत उभा होता.

"मामा."

"काय?"

"तू वॉचमनला काय सांगितलंस?"

कोठडीत असताना हरिहरला असेच प्रश्न विचारले गेले होते. तिथे दिवे मोठे होते आणि माणसं दांडगी. पण त्यांच्यापैकी कुणी डोळ्यांत पाणी आणून विचारलं नव्हतं.

"मी खरं तेच सांगितलं गं," तो म्हणाला. "मी मामा, चौकशीला आलोय."

सरोजने मोबाईल खाली ठेवला. "अरे दादा, फाटकावर उभं राहून कुणी मामा म्हणून सांगतं का? मामा म्हणजे हवालदार!"

"मी फार वर्षं बाहेर होतो," हरिहर म्हणाला. हे एक मात्र निर्विवाद होतं.

फोनवर काही न सांगता रविवारी सकाळी तिघं भोईरांकडे गेले. समृद्धीचं लग्न आता हरिहरच्या कबुलीवर लटकलं होतं, आणि कबुली देणं हा त्याच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा होता. दिवाणखान्यात भोईरांची माणसं भिंतीला टेकून बसली होती. मधे सोफ्यावर साकेतची आजी हौसाबाई. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात अडकित्ता.

"मी मामा," हरिहर म्हणाला.

दिवाणखाना उठून उभा राहिला. एक काका आतल्या खोलीकडे सरकले.

"तसा मामा नाही. खरा मामा."

"खरा म्हणजे क्राईम ब्रँचचा?" वकील पुढे झाला. "वॉरंट दाखवा."

"अहो, मुलीचा मामा! समृद्धीचा! स्थळाची चौकशी करायला आलो होतो. आणि बेडी म्हणजे लग्नाची."

 कुणीतरी अलिबागला फोन लावला. मग हौसाबाईचे खांदे हलू लागले. ती हसत होती, आणि हसता हसता तिने अडकित्ता खाली ठेवला.

"बस रं बाबा. चौकशी केलीस, बरा केलंस. आमी बी केली."

"म्हणजे?"

"अगो रंभा, ये भायेर."

स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत रंभाबाई बाहेर आली. कोपरची रंभाबाई. सुकटवाली, वालवाली, निरुपद्रवी.

"माजी भाची हाय," हौसाबाई म्हणाली. "वरीस झाला तुमच्या घरान बसतं. मना समदी म्हायती हाय. आई सोन्यासारखी, पोरगी गुनाची. पन एक खोट निंगाली, म्हनून मी हो बोलली नाय." तिने हनुवटीनेच हरिहरकडे खूण केली. "यो मामा. ह्याचा काय समजत नाय. रंभा कोपरान फिरली, भाजीवाले झाले, रिक्षावाले झाले, कोनाला काय म्हायती नाय. डोंबिवलीन असा मानूस कसा रं? काय धंदा करत होतास तू?"

हरिहरच्या तोंडून सवयीने उत्तर आलं. "हळदीची निर्यात."

"कोनती हलद?"

 तीस वर्षांत हा प्रश्न पलीकडच्यांनाही सुचला नव्हता.

"पिवळी," तो शेवटी म्हणाला.

"अहो आजी," सरोज एकदम म्हणाली, "लपवून काय करू? तो हेर होता."

हरिहरने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. रघु विकला गेला होता. ही तर फुकटात फुटली.

"तुला... कधीपासून?"

"अरे, हळदीच्या निर्यातीतला माणूस तीस वर्षांत घरी पावशेर हळद आणत नाही? आणि रोज सकाळी तुझ्या चहात विष बघत कोण होतं?"

दिवाणखान्यात टाचणी पडली असती तर तिचीही चौकशी झाली असती. मग हौसाबाई पुन्हा हसू लागली, आणि ह्या वेळी सगळे भोईर हसू लागले. वकीलसुद्धा.

"हेर?" तिने डोळे पुसले. "हेर वाचमनला सांगून जातो, मी चौकशीला आयलो? बाई, भाऊ हाय तुजा, लाज राखतंस, समजला मना. पन जो मानूस आमच्या पोपटला फसवू शकला नाय, तो कोनाला काय फसवल? भोला हाय. बिनधोक हाय." तिने अडकित्ता उचलला. "माजा हो हाय."

समृद्धीने मामाकडे पाहिलं. हरिहरच्या जिभेवर सगळं आलं होतं: सरहद्दी, कोठडी, बंद खोलीतली शाल. एक वाक्य बोलला असता तर वकिलाचं हसू जागच्या जागी थिजलं असतं.

"पोपट फार हुशार आहे," तो म्हणाला.

"पन एक," हौसाबाई म्हणाली. "आमचेत हलदीला आख्खा गाव येतो. हलद मामान आनायची. धंदा हाय ना तुजा?"

संध्याकाळी कोपरला हरिहर ठरल्या जागीच रिक्षातून उतरला आणि सरळ वाण्याच्या दुकानात गेला. गिऱ्हाइकं पांगेपर्यंत थांबला, मग काउंटरवर वाकला.

"हळद हवी आहे. बरीच. हे कुणाला कळता कामा नये, पण मला त्यातलं काही कळत नाही."

वाण्याने पायाशी ठेवलेलं पोतं उचलून वर ठेवलं.

"बांधूनच ठेवलीय, मामा. रंभाबाई दुपारीच सांगून गेल्या. म्हणाल्या, येतील, आणि तुमच्या कानात बोलतील."